मॉडेल रेल्वेच्या ले-आउटसाठी कोल्हापुरी खानावळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी मापं एचओ (१:८७) स्केलमधली आहेत आणि एकाच नमुना इमारतीला धरून आहेत: स्टेशनलगतची बैठी मटण खानावळ. पुढे २० बाय २० फुटांचा जेवणाचा हॉल, त्यावर मंगळुरी कौलं. मागे २० बाय १० फुटांचं स्वयंपाकघर, त्यावर पत्रा. मॉडेलवर ही इमारत ७० बाय १०५ मिमी होते. किट वापरायचं नाही, सगळं मुळापासून करायचं.

एखादी खरी खानावळ हुबेहूब करावी की मनाने रचावी?

पहिल्या वेळी मनाने रचा, पण प्रत्येक भाग कुठल्यातरी खऱ्या इमारतीवरून घ्या. कोल्हापुरातल्या शाहूपुरी, स्टेशन रोड, लक्ष्मीपुरी या भागात अर्धा दिवस फिरलात तरी फळ्यांचं दार एकीकडे, काळ्या दगडाचं जोतं दुसरीकडे, पत्र्याची पडवी तिसरीकडे सापडते. हुबेहूब खरी इमारत करायला घेतली की लांबी आड येते. २० आयसीएफ डब्यांची (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या धर्तीच्या) गाडी प्रत्यक्षात साधारण ४४६ मीटर भरते, म्हणजे एचओमध्ये पाच मीटरच्या वर. एवढी जागा कुणाकडेच नसते, त्यामुळे स्टेशन आखडतं. स्टेशन आखडलं की शेजारची खरी इमारत अंगाने मोठी वाटायला लागते. मनाने रचलेली इमारत जागेप्रमाणे बेतता येते.

कोणता स्केल? मापं कशी बदलायची?

एचओ म्हणजे १:८७, एक फूट म्हणजे ३.५ मिमी. ओओमध्ये एक फूट ४ मिमी, आणि १:१६० च्या एनमध्ये १.९ मिमी. रेडीमेड भारतीय डबे आणि इंजिनं बहुतेक एचओतच मिळतात, म्हणून आपणही तोच धरला आहे. एचओचा १६.५ मिमीचा रूळ हा खरं तर १४३५ मिमी गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आपल्या १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला १९.३ मिमी लागेल. पण इमारतीला या फरकाचं देणंघेणं नाही.

सतत लागणारी मापं: दार ७ बाय ३ फूट म्हणजे २४.५ बाय १०.५ मिमी. जोतं दीड फूट, ५ मिमी. जोत्यापासून वळचणीपर्यंत भिंत १० फूट, ३५ मिमी. टेबल अडीच फूट उंच, म्हणजे पावणेनऊ मिमी. बाकड्याची बैठक दीड फूट, ५ मिमी. उभा माणूस १९ मिमी. ही मापं एका पुठ्ठ्यावर लिहून कामाच्या टेबलासमोर लावा. दर वेळी कॅल्क्युलेटर घेतला की कुठेतरी एक शून्य इकडचं तिकडे होतं.

खऱ्या इमारतीचं माप घेऊ देत नसतील तर?

रस्त्यावरून समोरासमोर उभं राहून फोटो काढा, कॅमेरा वर-खाली तिरका करू नका. चौकटीत माप ठाऊक असलेली एखादी वस्तू हवीच: दार, शटर, किंवा भिंतीला टेकवून ठेवलेली एक मीटरची काठी. घरी फोटोवर मिलिमीटर मोजायचे आणि त्या वस्तूच्या प्रमाणात बाकीची मापं काढायची. ही पद्धत एकाच पातळीतल्या भिंतीपुरती खरी. मागे सरकलेलं स्वयंपाकघर फोटोत आहे त्यापेक्षा लहान दिसतं, त्याचं माप वेगळ्या फोटोवरून घ्या. फोटो काढण्याआधी मालकाला दोन शब्दांत सांगितलं तर बहुतेक जण आत बोलावूनच दाखवतात, आणि गल्ल्यामागची तसबीर कुठे टांगलीय हे तेव्हाच कळतं.

खानावळीचं तोंड कुठे करायचं?

रस्त्याकडे. पण मेहनत घ्यायची ती मागच्या बाजूवर. बहुतेक ले-आउटवर बघणारा रुळाच्या अलीकडे उभा असतो, रूळ मध्ये आणि इमारत पलीकडे. खानावळीचं तोंड रस्त्याकडे असल्यामुळे त्याला तिची पाठच दिसते. गाडीतून कुठल्याही गावात शिरताना आधी दिसतात त्या मोऱ्या, वाळत घातलेले कपडे, काजळलेल्या खिडक्या आणि उपडी घातलेली पातेली. तेच इथेही हवं. पुष्कळ जण महिनाभर पाटी आणि दर्शनी भाग करत बसतात, मग इमारत बसवल्यावर कळतं की पाटी दिसतच नाही. आधी इमारतीची जागा ठरवा, तिथे बसून डोळ्याच्या उंचीवरून बघा, दिसणाऱ्या दोन बाजू कागदावर लिहून ठेवा. उरलेल्या दोन बाजूंना साधी रंगवलेली भिंत पुरते.

रुळापासून किती अंतर ठेवायचं?

आपल्या डब्याची रुंदी साधारण ३.२५ मीटर, म्हणजे मॉडेलवर ३७ मिमी. रुळाच्या मध्यापासून निम्मी, पावणेएकोणीस मिमी, डब्यालाच लागते. सरळ रुळावर एवढं पुरतं. घोटाळा वळणावर होतो, कारण डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेरच्या बाजूला निघतात. आत किती निघेल ते काढायला दोन बोगींच्या (बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी) मध्यांमधल्या अंतराचा वर्ग घ्यायचा आणि त्रिज्येच्या आठ पटीने भागायचा. आयसीएफ डब्यात हे अंतर १४.७८ मीटर, मॉडेलवर १७० मिमी. त्रिज्या ६०० मिमी असेल तर १७० चा वर्ग भागिले ४८००, म्हणजे ६ मिमी. बाहेरच्या बाजूला लांबीचा वर्ग उणे बोगी-अंतराचा वर्ग, त्याला पुन्हा ४८०० ने भागा. एलएचबी या नव्या, लांब जातीच्या डब्याचं टोक साधारण ९ मिमी बाहेर येतं.

म्हणजे वळणाच्या बाहेर रुळाच्या मध्यापासून २८ मिमीपर्यंत डबा पोचतो. किमान ३५ मोकळे ठेवा, आणि हे अंतर भिंतीपासून नाही, वळचणीच्या टोकापासून मोजा. भिंत मोजून समाधान मानलं की पहिल्याच फेरीत कौलं निघतात. हे झालं गाडी अडू नये म्हणून. दिसायला बरं वाटावं म्हणून खानावळ आणि रूळ यांच्यामध्ये रेल्वेची हद्दभिंत आणि थोडं माळरान धरून १०० मिमी तरी ठेवा.

थेट कापायला घेतलं तर चालेल का?

नाही. आधी बिस्किटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची नक्कल करा: चार भिंती, दोन उतार, सेलोटेप. तासाभराचं काम. ती जागेवर ठेवून दोन-तीन दिवस गाड्या चालवा. इमारत मोठी वाटते, की गाडीमागे लपते, की मागची खिडकी खांबाआड जाते, हे आत्ताच कळतं. खानावळ जागेला मोठी होत असेल तर आधी खोली कमी करा, उंची शेवटी. हॉल २० फुटांऐवजी १६ फूट केला तर कुणाच्या लक्षात येत नाही. दार साडेसहा फुटांचं केलं की शेजारी माणूस उभा करताक्षणी खटकतं.

भिंतींना काय वापरायचं: सनबोर्ड, माउंट बोर्ड की स्टायरीन?

एक मिमी स्टायरीन, म्हणजे प्लास्टिकचा पातळ पत्रा, सर्वांत चांगलं. ते ओरखडून मोडता येतं, पाणी पीत नाही, सांधे विरघळून एकजीव होतात. तक्रार एकच, ते ऑनलाइन मागवावं लागतं. माउंट बोर्ड गावात फ्रेमवाल्याकडे मिळतो, स्वस्त आहे, कापायला सोपा आहे आणि गिलाव्याच्या भिंतीला तर शोभतोच, पण ओल धरतो. सनबोर्ड पाच मिनिटांत भिंत उभी करतो खरा, पण त्याची कड भुसभुशीत दिसते आणि बारीक खिडकी त्यात स्वच्छ कापली जात नाही. त्याचा उपयोग जोत्याला करा. ५ मिमी जाडीचा तुकडा म्हणजे बरोबर दीड फुटाचं जोतं.

चिकटवायला: स्टायरीनला द्रव प्लास्टिक सिमेंट, ब्रशने सांध्यावर टेकवायचं. पुठ्ठ्याला फेव्हिकॉल. धातू प्लास्टिकला लावायचा असेल तर अरल्डाइट. फेव्हिक्विक काचेच्या जागी लावलेल्या पारदर्शक प्लास्टिकजवळ अजिबात नेऊ नका, त्याच्या वाफेने प्लास्टिकवर पांढरी साय चढते आणि ती निघत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात (कारखान्यांच्या वसाहतीत) लेझरवर कापून घेतलं तर?

३ मिमी एमडीएफचं तळ आणि माउंट बोर्डच्या भिंती कापून घ्यायला हरकत नाही, खिडक्या सुंदर निघतात. फाइल देताना लेझर साधारण ०.१ ते ०.२ मिमी पदार्थ जाळून टाकतो हे धरा, नाहीतर खाचा सैल बसतात. सनबोर्ड मात्र लेझरला देऊ नका. तो पीव्हीसी आहे, जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती माणसालाही वाईट आणि मशिनच्या आरशांनाही. जाणता कारागीर घेणारच नाही.

खिडक्या कापताना कोपरे फाटतात. काय चुकतं?

पातं जुनं असतं, किंवा जोर जास्त असतो, बहुतेक वेळा दोन्ही. ९ मिमी कटरला ३० अंशांचं टोकदार पातं लावा आणि दर भिंतीला एक टोक मोडून टाका. काम भिंतीच्या मागच्या बाजूने, या क्रमाने:

खिडकीच्या चारही कोपऱ्यांत पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) ०.८ मिमीची भोकं पाडा. पोलादी पट्टी धरून प्रत्येक कोपऱ्यापासून मध्याकडे काप द्या, मध्यापासून कोपऱ्याकडे कधीही नाही, म्हणजे पातं घसरलं तरी कोपरा शाबूत राहतो. आठ-दहा हलके हात, एकच दाबून नाही. स्टायरीनमध्ये चारही कडा ओरखडल्यावर तुकड्यावर तिरकी फुली ओरखडायची आणि मागून अंगठ्याने ढकलायचं, चार त्रिकोण सुटून येतात.

यापेक्षाही सोपं म्हणजे भोक पाडायचंच नाही. भिंत आडव्या-उभ्या पट्ट्यांची जोडायची: खिडकीखाली एक लांब पट्टी, खिडक्यांच्या मध्ये उभे तुकडे, वर दुसरी लांब पट्टी. सांधे घासून गिलाव्याचा रंग दिला की दिसत नाहीत. कोपरे आपोआप काटकोनात येतात. नवख्यांनी हेच करावं.

आता जाडी. जुन्या कोल्हापुरी बांधणीत भिंत दीड फुटाची, म्हणजे मॉडेलवर ५ मिमी. आपलं स्टायरीन १ मिमीचं. दारातून बघितलं की एवढी बारीक कड दिसते आणि सगळं घर पुठ्ठ्याचं वाटतं. उपाय: प्रत्येक दार-खिडकीच्या आतल्या बाजूने ४ मिमी रुंदीच्या पट्ट्या काटकोनात उभ्या चिकटवा. दहा मिनिटांचं काम आहे आणि मॉडेलमध्ये सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. पाटी, दिवे, माणसं सगळं नंतर.

खिडकीचे गज: खरा गज १२ मिमी, मॉडेलवर ०.१४ मिमी. मोटर वाइंडिंगची ३८ गेजची तांब्याची तार ०.१५ मिमी असते, रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते. स्टायरीनच्या चौकटीच्या वरच्या-खालच्या कडेला १.२ मिमी अंतराने खाचा पाडा, चौकटीभोवती तार गुंडाळा, पुढच्या बाजूने खाचांत फेव्हिक्विकचा ठिपका द्या आणि मागचे वेढे कापून टाका. आठ-नऊ गज एका दमात बसतात. गजांमागे काच लावू नका, खानावळीच्या स्वयंपाकघराला काच नसते.

भिंती काही दिवसांनी बाक काढतात. का?

पुठ्ठ्याची असेल तर रंग किंवा फेव्हिकॉल एकाच बाजूला लागला म्हणून. जेवढे थर बाहेर तेवढे आत. स्टायरीनची असेल तर द्रव सिमेंट आत कोंडलं असणार. चारी बाजू, तळ आणि छत बंद केल्यावर वाफेला वाट राहत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी भिंती आत ओढल्या जातात. तळाला १० मिमीचं भोक ठेवा, तारांनाही तेच उपयोगी. दोन्ही प्रकारांत आतल्या कोपऱ्यांत ५ बाय ५ मिमीची चौकोनी काठी आणि लांब भिंतीच्या मध्यावर एक आडवी पट्टी हवीच.

मंगळुरी कौलं कशी करायची?

कौल साधारण ४१० बाय २३५ मिमीचं असतं, पण एकावर एक चढल्यावर दिसतं ते ३२० बाय २१० च्या आसपास. मॉडेलवर ३.७ बाय २.४ मिमी. प्रत्येक कौल वेगळं कापू नका.

१६० ते २०० जीएसएमचा कागद घ्या, ५.५ मिमी रुंदीच्या आणि ८० मिमी लांबीच्या पट्ट्या कापा. वरची दीड-पावणेदोन मिमी कड पूर्ण ठेवून खाली दर २.४ मिमीवर काप द्या. मग पट्टी मऊ खोडरबरावर ठेवून प्रत्येक कौलाच्या मधोमध बोथट सुईने उभी रेघ दाबा, म्हणजे कौलाला पन्हाळ येतं. छपराच्या उतारावर ३.७ मिमी अंतराच्या आडव्या रेषा आखा आणि वळचणीपासून वर जा. वरून खाली आलात तर सगळी कौलं उलटी चढतात. ही चूक फार होते. प्रत्येक ओळीचे काप खालच्या ओळीच्या कापांबरोबर जुळवा. मंगळुरी कौलाच्या खाचा खालपासून वरपर्यंत सरळ रेषेत येतात, विटांसारख्या अर्ध्याने सरकत नाहीत.

आपल्या हॉलची रुंदी ७० मिमी, उतार ३० अंशांचा, त्यामुळे आढं भिंतीच्या डोक्यापासून २० मिमी वर जातं आणि वळचणीसकट प्रत्येक उतार ४६ मिमी भरतो. म्हणजे एका बाजूला १३ पट्ट्या, दोन्ही मिळून २६, साडेआठशेच्या वर कौलं. दोन संध्याकाळी लागतात. आढ्यावर अर्धगोल कोन्यांची ओळ येते, ती १.५ मिमी प्लास्टिकच्या अर्धगोल पट्टीची किंवा गोल काठीवर ओल्या कागदाची करा.

रंग एकसारखा देऊ नका. आधी सगळीकडे विटकरी, मग दहातलं एखादं कौल गडद, पंधरातलं एखादं नवं-केशरी. दोन-तीन कौलं किंचित सरकलेली ठेवा. पण फुटकं कौल दाखवायचं असेल तर त्याखाली प्लास्टिकचा निळा कागद खोचा, कारण जुलैत कोल्हापुरात फुटकं कौल कुणी तसंच ठेवत नाही.

स्वयंपाकघराचा पन्हाळी पत्रा कशाचा?

पार्सलच्या अॅल्युमिनियम डब्याचा. घरातली फॉइल फार पातळ, हात लागला की सपाट होते. खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हाळ्यांमधलं अंतर ३ इंच, मॉडेलवर ०.८७ मिमी. एम-५ च्या (५ मिमी जाडीच्या) बोल्टचे आटे ०.८ मिमीवर असतात, म्हणजे हवं तेच. उद्यमनगरात एम-५ चा आटेवाला रॉड फूटभर घ्या. डब्याच्या सपाट तळाचा तुकडा कापा, माउसपॅडवर ठेवा, रॉड त्यावर दाबून एकाच दिशेने लाटा. आटे फिरकीचे असल्यामुळे पन्हाळ्या रॉडला बरोबर काटकोनात येत नाहीत, तीनेक अंशांनी कलतात. म्हणून पत्रा डब्याच्या कडेला धरून नाही, उमटलेल्या रेषांना धरून कापा.

सिमेंटचा पत्रा हवा असेल तर त्याच्या पन्हाळ्या १४६ मिमीवर, मॉडेलवर १.७ मिमी. त्याला एम-१२ चा रॉड, आटे १.७५ मिमी.

पत्रा १२ फुटी, म्हणजे ४२ बाय ९ मिमीचे दहा तुकडे. एक पन्हाळी एकावर एक चढवून लावा. अखंड पत्रा कापून घातला तर छप्पर खोटं दिसतं, या चढलेल्या कडांमुळेच ते पत्र्याचं वाटतं. चिकटवण्याआधी मागून २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि अरल्डाइट वापरा. फेव्हिकॉलने लावलेला पत्रा उन्हाळ्यात सुटतो. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दोन-चार दगड आणि एक जुनं टायर ठेवायला विसरू नका.

रंग कोणते, आणि जुनाट कसं दाखवायचं?

सगळीकडे मॅट. चकाकी फक्त तीन ठिकाणी: तेलरंगाचा पट्टा, मोरीची ओल आणि रस्सा. आतल्या भिंतींना खालून ४ फूट, म्हणजे १४ मिमी, तेलरंग, हिरवा किंवा तपकिरी, वर निळसर चुना. पट्ट्याची कड मास्किंग टेपने घ्या, हाताने सरळ येत नाही.

जुनेपणा पाण्याच्या आणि धुराच्या मागाने जातो. स्वयंपाकघराच्या खिडकीवर काळ्या खडूची पूड खालून वर, मऊ ब्रशने, वर जाताना विरळ. धुराड्याभोवती पत्र्यावर तशीच. गंज पत्र्यांच्या चढलेल्या कडांवर आणि खिळ्यांच्या ओळीत, मधल्या भागात नाही. पागोळ्यांचं पाणी उडून जोत्यावर चिखलाचे शिंतोडे येतात ते ३ ते ४ मिमी उंचीपर्यंत. मोरीच्या पाइपाखाली हिरवट-काळा ओघळ. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या जमिनीपासून ४ मिमीवर, टूथपिकने, दोन जागी पुरे. सगळ्या भिंतीवर सारखा मळ फासला की इमारत जुनी वाटत नाही, जळालेली वाटते.

पाटी?

८ बाय २ फुटांची पाटी २८ बाय ७ मिमी. एक फुटी अक्षर ३.५ मिमी येतं, ते छान वाचता येतं. तीन इंची अक्षर ०.८७ मिमी, ६०० डीपीआयवर जेमतेम २० ठिपके. एवढ्यात शिरोरेघ आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात. म्हणून पाटीवर नाव, ‘तांबडा-पांढरा’ आणि ‘मटण थाळी’ एवढंच, दरपत्रक नुसत्या पांढऱ्या रेघांचं. लेझर प्रिंट घ्या, इंकजेटची शाई मॅट व्हार्निशखाली पसरते. कागदाची पांढरी कड त्याच रंगाच्या स्केचपेनने रंगवा. १९७० च्या आधीचा मीटरगेजचा काळ दाखवत असाल तर फ्लेक्स चालणार नाही, पत्र्यावर रंगवलेली पाटी हवी. काळ त्याहूनही जुना धरला तरी १८९१ च्या मागे जाऊ नका, मिरजेहून रेल्वे कोल्हापूरला आली ती त्या वर्षी.

आतलं सामान किती करायचं?

दारातून जेवढं दिसतं तेवढं. साडेदहा मिमी दारातून पुढची दोन टेबलं आणि गल्ला दिसतो. मागच्या चार टेबलांना नुसते ठोकळे पुरतात.

दिसणाऱ्या टेबलांवर मात्र थाळी नीट वाढा. थाळी एक फुटी, ३.५ मिमी. चामड्याचं काम करणाऱ्यांकडे फिरत्या डोक्याचा पंच असतो, त्यात ३.५ मिमीचं भोक असतंच, आणि कोल्हापुरात चपलेच्या कामाचं हत्यार शोधावं लागत नाही. पार्सलच्या डब्यातून चकत्या पाडा, खोडरबरावर ठेवून ३ मिमी ड्रिलच्या मागच्या सपाट टोकाने दाबा, कड उचलते. भाकरी अडीच मिमीची, तपकिरी कागदाची, वर राखाडी ठिपके. वाट्या एक मिमीच्या आतल्या, म्हणून चंदेरी रंगाचा ठिपका आणि त्यावर सुईच्या टोकाने एकात लाल, एकात मोतिया. लाल वाळल्यावर त्यावर चकाकीचा व्हार्निश, म्हणजे तर्री आली. सुक्क्याला चहाच्या पुडीचे दोन-तीन कण. मटण खानावळीच्या टेबलावर ब्रेडचे तुकडे ठेवून मिसळ मात्र मांडू नका, गावातला माणूस आधी तेच बघतो.

मागच्या बाजूला: १९ किलोचे निळे व्यावसायिक सिलिंडर, साडेतीन मिमी जाड काठीचे ९ मिमी उंच तुकडे. पाण्याची काळी टाकी १२ मिमी व्यासाची, औषधाच्या बाटलीच्या झाकणाची. चूल दाखवायची असेल तर शाडूत थोडं फेव्हिकॉल मळून करा, नुसता शाडू वाळताना चिरतो. शाडू शाहूपुरीच्या किंवा बापट कॅम्पातल्या कुंभारांकडे मिळतो.

दिवे कसे लावायचे?

हॉलमध्ये दोन पांढरे एलईडी ट्यूबलाइट म्हणून, स्वयंपाकघरात एक पिवळसर, मागच्या दारावर एक. ०८०५ मापाचे एसएमडी (बिनपायांचे चपटे एलईडी) घ्या, २ बाय १.२५ मिमी. तार वरचीच ३८ गेजची. तिच्या टोकाचा लाखेचा थर पॉलिश पेपरने काढल्याशिवाय कथील धरत नाही, आणि सोल्डरिंग तीन सेकंदांत उरकलं नाही तर एलईडी मरतो.

१२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर वापरा. एलईडी ३ व्होल्ट खातो, उरतात ९. एलईडीला २० मिलिअँपिअर चालतात म्हणून तेवढे देऊ नका, खानावळीतून सर्चलाइट निघतो. २ मिलिअँपिअर पुरेत: ९ भागिले ०.००२ म्हणजे ४५००, जवळचा रेझिस्टर ४.७ किलोओहम, पाव वॅटचा. प्रत्येक एलईडीला वेगळा रेझिस्टर, म्हणजे एक गेला तरी बाकीचे राहतात आणि स्वयंपाकघर हॉलपेक्षा मंद करता येतं.

उजेड भिंतीतून झिरपतो ही नेहमीची तक्रार. स्टायरीन अर्धपारदर्शक आहे. आतून आधी काळा रंग, त्यावर पांढरा, आणि हे छत बसवण्याआधी. वळचणीखालच्या फटी काळ्या कागदाच्या पट्टीने बंद करा.

डीसीसीच्या (गाड्या डिजिटल संदेशांनी चालवायच्या पद्धतीच्या) रुळावरूनच वीज घेतली तर?

घेऊ नका. त्या विजेची दिशा सतत पालटते, १४-१६ व्होल्ट उलटे बसले की एलईडी फार टिकत नाही. शिवाय कुठे शॉर्ट झालं की सगळ्या गावाचे दिवे जातात. अर्थात, तेही खोटं नाही.

माणसं परदेशी दिसतात. काय करायचं?

प्रायझर या जर्मन कंपनीची बिनरंगी माणसं घ्या, टोप्या कापा, स्वतः रंगवा. साडीला एक पदरी टिश्यू पेपर, निम्म्या पाण्याच्या फेव्हिकॉलात बुडवून. फेट्याला त्याचीच पिळलेली पट्टी. गल्ल्यावर एक, जेवणारे चार, मागच्या दारात भांडी घासणारी एक बाई उकिडवी. बसलेल्यांचे पाय टेबलाखाली मावत नसतील तर खुशाल कापा.

इमारत ले-आउटला कायमची चिकटवावी का?

नाही. ३ मिमी एमडीएफच्या तळावर उभारा आणि तळाखाली चार निओडिमियम चुंबकं, समोर ले-आउटमध्ये लोखंडी वॉशर. तारांना दोन पिनांचं कनेक्टर. तळाची कड मातीने झाका: काळी माती तव्यावर भाजून वाळवा, चहाच्या गाळणीने चाळा, आणि तिच्यातून चुंबक फिरवून लोखंडाचे कण काढा, नाहीतर ते इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसतात. फेव्हिकॉल लागल्यावर माती दोन छटा गडद होते, म्हणून आधीच थोडी फिकी राख मिसळा.

पावसाळ्यात काम करावं का?

कापणं, कौलं, सामान करा. स्प्रे करू नका, दमट हवेत व्हार्निशवर पांढुरकं सावट येतं. पुठ्ठ्याची इमारत असेल तर जूनच्या आधी आतून-बाहेरून लाख पॉलिशचे दोन हात देऊन ठेवा.

धूळ कशी काढायची?

मेकअपच्या मऊ ब्रशने, आढ्याकडून वळचणीकडे. कौलं उलट दिशेने झाडली तर कागदाच्या कडा उचकटतात. आतली धूळ काढायला हॉलचं छप्पर चिकटवलेलं नसावं. आढ्याखाली एक पट्टी लावून ते नुसतं टेकवलेलं ठेवा, बंद पडलेला एलईडीही त्याच वाटेने बदलता येतो.